पुण्यात पुणेकर कुठे जेवतात: प्रकल्प नोंदी

3 जून 2025, मंगळवार

कामाचं स्वरूप आज पक्कं झालं. दर जूनमध्ये आमच्या भागात लातूर, बीड, जळगाव, यवतमाळकडची मुलं-मुली खोल्या शोधत येतात. पहिला महिना फोनवरून मागवलेल्या डब्यांवर जातो, नाहीतर रीलमध्ये पाहिलेल्या त्याच चार ठिकाणी रांगा लावण्यात. त्यांच्यासाठी खिशात मावेल असा एक घडीचा कागद करायचा. एका बाजूला नकाशा आणि मागे मजकूर: इथली माणसं रोजच्या रोज कुठे जेवतात, किती वाजता, आणि तिथे काय मागायचं.

ताई इतिहास शिकवतात, त्यांच्याकडे पेठा. दादा रिक्षा चालवतो, त्याच्याकडे स्वारगेट, मार्केट यार्ड आणि भवानी पेठ. माझ्याकडे कॅम्प, रास्ता पेठ आणि लिखाण. नकाशा काढायला दादाची मुलगी तयार आहे.

गुडलक कॅफे (1935), कयानी बेकरी (1955), कॅम्पातलं दोराबजी (1878) आणि बेडेकरांची मिसळ (1948) कागदावर येणार नाहीत. ती ठिकाणं मला मनापासून आवडतात. बेडेकरांची किंचित गोडसर मिसळ स्लाइसबरोबर खात मी वाढले. पण तिथे पोचायला कुणालाही आमचा कागद लागत नाही. ज्या जागेला पाटीसुद्धा नाही तिच्यासाठीच तो लागतो.

8 जून, रविवार

दादाने आज जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं काम उभं राहील असं वाटतं.

स्टेशनवर उतरलेला प्रवासी विचारतो, ‘इथे चांगलं हॉटेल कुठलं?’ दादा त्याला एसी असलेलं, गाडी लावायला जागा असलेलं हॉटेल सांगतो. त्यात त्याचा कमिशनचा काही हिशेब नसतो. पाहुण्याला चांगल्या ठिकाणी न्यावं एवढीच भावना असते, आणि पाहुण्याला काय चांगलं वाटेल याचा अंदाज तो स्वतःच्या जेवणावरून बांधत नाही. मात्र कुणी ‘दादा, तुम्ही आज दुपारी कुठे जेवलात?’ असं विचारलं की उत्तर एकदम बदलतं. मग तो नाना पेठेतल्या एका गल्लीचं नाव घेतो. तिथे एक बाई दुपारी बारा ते अडीच भाकरी, एक पालेभाजी आणि आमटी देतात. बसायला दोन बाकं आहेत.

तर आमचा प्रश्न हाच: तुम्ही स्वतः कुठे जेवता? काल काय होतं? पैसे रोज देता की महिन्याला? तिसरा प्रश्न मी घातला. महिन्याला पैसे देणारी माणसं असतील तर ती जागा चव बिघडवूच शकत नाही, कारण तीच माणसं उद्या परत समोर बसणार असतात. एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालणाऱ्या जागेला ही धास्ती नसते.

कोण रोज बाहेर जेवतं याची यादी आम्ही मग दुसऱ्या टोकाने केली: हमाल, रिक्षावाले, पेठांमधले दुकानदार आणि त्यांच्याकडची मुलं, दवाखान्यातले रुग्णांचे नातेवाईक, कोर्टातले कारकून, अभ्यासिकेतले विद्यार्थी, बँकांचे सुरक्षारक्षक. आधी ही माणसं गाठायची, ती सांगतील ती जागा आपण बघायची.

12 जून, गुरुवार

फोनवरच्या नकाशावर थोडं काम केलं. ‘रेस्टॉरंट’ असं शोधलं की जाहिरात करणारे वर येतात. ‘खानावळ’, ‘खाणावळ’, ‘भोजनालय’, ‘मेस’, ‘उपाहारगृह’, ‘बोर्डिंग’ हे शब्द देवनागरीत टाकले की वेगळंच पुणे दिसतं. खानावळ दोन्ही तऱ्हांनी लिहितात, म्हणून दोन्ही टाकून बघावं.

ताऱ्यांपेक्षा गर्दीच्या वेळेचा आलेख जास्त सांगतो. सोमवार ते शुक्रवार साडेबारा ते अडीच उंच खांब आणि रविवारी शुकशुकाट असेल तर जवळच्या कामगारांची ती जागा आहे. शनिवार-रविवारी संध्याकाळीच गर्दी होत असेल तर लोक तिथे मुद्दाम फिरायला येतात. लोकांनी टाकलेले फोटोही बघावेत. फळ्यावर खडूने लिहिलेला आजचा बेत दिसला की जावं.

17 जून, मंगळवार

मार्केट यार्ड. दादा मला अंधारातच घेऊन गेला. गुलटेकडीला पहाटे शेतमालाच्या गाड्या रिकाम्या होत असतात आणि त्या वेळी तिथे शहराची दुपार असते. चारला कामाला लागलेल्या माणसाला आठला पोहे पुरत नाहीत. त्याला भाकरी लागते.

इथे नाव घेऊन लिहायलाच हवं अशी एक जागा आहे: ‘कष्टाची भाकर’. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, 1974 साली हा उपक्रम सुरू केला. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला परवडेल असं, पोटभर आणि स्वच्छ जेवण ना नफा ना तोटा तत्त्वावर मिळावं, हा हेतू. झुणका-भाकरीपासून सुरुवात करावी. झुणका कोरडा आणि लसणीचा, भाकरी जाड आणि गरम. शेजारी बसलेल्या एका वयस्कर हमालकाकांनी मला कांदा बुक्कीने फोडून दिला आणि म्हणाले, ‘ताई, सुरीनं कापलेला कांदा उग्र लागतो.’ ते इथे कधीपासून जेवतात असं विचारलं. म्हणाले, लग्नाच्या आधीपासून.

पन्नास वर्षं एखादं स्वयंपाकघर कष्टकऱ्यांच्या संघटनेने चालवणं ही पुण्याच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. शहर दाखवायला आणलेल्या पाहुण्यांना आपण शनिवारवाडा दाखवतो, आगाखान पॅलेस दाखवतो. मी तरी यापुढे माझ्याकडे येणाऱ्यांना इथे घेऊन येणार.

कागदासाठी: कुणी फोटो काढायला म्हणून जाऊ नये. भूक लागली असेल तर जावं, ताट संपवावं आणि जागा मोकळी करावी.

21 जून, शनिवार

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी आहेत. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. रस्ते बंद. आज नोंदी घ्यायचं सोडून ताईंबरोबर एका व्यापाऱ्याच्या ओट्यावर पोळ्या लाटल्या.

29 जून, रविवार

सदाशिव पेठ आणि शास्त्री रस्ता. जेवणाच्या बाबतीत हा भाग सगळ्यांत श्रीमंत निघाला, म्हणून सविस्तर लिहिते.

पुण्यात शिकायला आलेल्या मुलाच्या जेवणाचा प्रश्न जुना आहे. ताई सांगत होत्या की पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागत. 1909 साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं, आजचं पुणे विद्यार्थी गृह, आणि तिथल्या मुलांनीही माधुकरीवर शिक्षण घेतलं. घरात आलेल्या परक्या मुलाला रोजच्या पानातलं वाढायचं, ही सवय या पेठांना तेव्हापासून आहे. पुढे त्याचे पैसे घेतले जाऊ लागले आणि घरगुती खानावळी झाल्या. टिळक रस्त्यावरची ‘बादशाही’ ही त्याच परंपरेतली, ठरलेल्या वेळा आणि ठरलेले नियम पाळणारी.

आता या भागात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत आणि त्यांच्या आगेमागे मेस. बऱ्याचशा वाड्याच्या किंवा इमारतीच्या तळमजल्यावर, काही चक्क जिन्याखाली. बाहेर चपलांचा ढीग दिसला की आत मेस आहे असं समजावं. आत गेल्यावर भाषा वेगळी आहे, ती नवख्याला माहीत असावी:

कार्ड म्हणजे महिन्याचे पैसे भरलेला हिशेबाचा कागद. गावाला गेलात तर खाडा सांगायचा, तोही आदल्या दिवशी. न सांगितलेला खाडा धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण तुमची पोळी लाटून झालेली असते. बरोबर कुणाला आणलं तर ‘पाहुण्याचं ताट’, त्याचे वेगळे पैसे. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद. कार्ड नसेल तरी बहुतेक ठिकाणी एक ताट मिळतं, फक्त आत शिरताना ‘मावशी, एक ताट होईल का?’ असं विचारायचं. विचारल्याशिवाय बसायचं नाही. त्यांनी माणसं मोजून कणीक भिजवलेली असते.

आज फीस्ट होती. पुरी, बटाट्याची सुकी भाजी, मटकीची उसळ, मसालेभात, कोशिंबीर, श्रीखंड. माझ्यासमोर उस्मानाबादकडचा एक मुलगा बसला होता. पोलीस उपनिरीक्षकाच्या परीक्षेची तयारी करतो. तो म्हणाला की इथली आमटी त्याला पहिले दोन महिने गोड लागायची. मावशींनी त्याच्यासाठी म्हणून पानात शेंगदाण्याची चटणी वाढायला सुरुवात केली. आता ती सगळ्यांनाच मिळते. सदाशिव पेठेतल्या गूळ घातलेल्या आमटीशेजारी मराठवाड्याची झणझणीत चटणी. अस्सल पुणेरी जेवण दाखवा असं मला कुणी म्हणालं तर मी हे पान दाखवीन.

ताईंचं आणि माझं यावर बोलणं झालं. त्यांच्या मते अळूची भाजी, वालाचं बिरडं, पुरणपोळी जिथे जुन्या हाताची मिळते तीच ठिकाणं अस्सल. मला ते पुरेसं वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी जे बाहेरून आले त्यांचं आज पुणेरी झालं. अमृततुल्य चहा आपण आपला म्हणून मिरवतो. तो पुण्यात रुजवला राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी. मग आज रोज इथे जेवणाऱ्याचं जेवण बाहेरचं कसं? ताईंना पूर्ण पटलं नाही. कागदावर दोन्ही जाईल.

6 जुलै, रविवार

आषाढी एकादशी. बहुतेक मेस एकवेळ उपासाच्या: साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर. एरवी कुठल्या जागेच्या हातात किती जीव आहे हे दाण्याच्या आमटीवरून कळतं. ती फार लवकर बेचव होते.

11 जुलै, शुक्रवार

रास्ता पेठ सकाळी, कॅम्प दुपारी.

रास्ता पेठेत दाक्षिणात्य कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इथे सकाळी लवकर यावं. एका घराच्या पुढच्या खोलीत इडली आणि पातळ चटणी, दुपारी केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, एक पोरियल (सुकी भाजी), ताक. चमचा मागितला तर देतात, पण आजूबाजूला कुणी वापरत नव्हतं. डोसा इथे मागू नये. तो उडुपी हॉटेलांत चांगला मिळतो, इथलं काम भाताचं.

कॅम्पात मुख्य रस्त्यावर बाहेरच्यांची गर्दी असते. शिवाजी मार्केटच्या मागच्या बाजूला, मासळी आणि मटण विकणारे स्वतः जिथे खातात तिथे मी गेले. खिमा-पाव आणि पाणी कम चहा. एका खाटीकचाचांनी सांगितलं की खिमा अकराच्या आत खावा, नंतरचा गरम करून दिलेला असतो. असली माहिती कुठल्याही तारांकित परीक्षणात मिळत नाही.

15 जुलै, मंगळवार

मिसळ आणि चहा. मिसळीवर लिहायला सगळ्यांना आवडतं म्हणून थोडक्यात आटोपते.

पेठेतली मिसळ हा नाश्ता आहे. दुपारी दीडनंतर मिसळ शोधू नये. हल्ली शहराबाहेर लॉन, झोपाळे आणि चुलीच्या पाट्या असलेली मोठी मिसळगृहं झाली आहेत. मुलाबाळांना घेऊन रविवारी जायला ती ठीक आहेत. पेठेत मात्र टेबलावर तुमच्याशेजारी अनोळखी माणूस बसतो, पाव मागितला तरी कित्येक ठिकाणी स्लाइसच मिळतात, आणि रस्सा पुन्हा हवा असेल तर ‘सॅम्पल’ म्हणायचं. मिसळ सगळीकडे लालच असते असं नवख्याला वाटतं. फडके हौदाजवळ वैद्यांच्या उपाहारगृहाची मिसळ हिरव्या मिरचीच्या रश्श्याची. ही जागा शंभरी ओलांडलेली आहे, पण रीलवाल्यांचा तिथे फारसा राबता नाही, म्हणून नावानिशी घेतली.

चहासाठी जुनं अमृततुल्य ओळखायची खूण: मालक स्वतः दारात ओट्यावर बसलेला, समोर पितळी पातेलं, बाजूला छोटा खलबत्ता. दूध, साखर, चहा, वेलची, आलं सगळं तुमच्यादेखत एकत्र उकळतं आणि फडक्यातून गाळलं जातं. त्याच नावाची साखळी दुकानं आता चौकाचौकांत आहेत. तिथे मसाला पुडीतून येतो. जुन्या ठिकाणचा चहा दर घाण्याला थोडा वेगळा लागतो, आणि मला तो तसाच हवा असतो.

20 जुलै, रविवार

आखाडातला शेवटचा रविवार. गुरुवारी दीपअमावास्या, शुक्रवारपासून श्रावण. गंज पेठ आणि भवानी पेठेतल्या मटण खानावळींसमोर अकरापासून माणसं उभी होती, घरून डबे घेऊन आलेली. डबे घेऊन आलेली माणसं ही मोठी खूण. पाहुणा डबा घेऊन येत नाही.

दादाने जिथे नेलं तिथे ताटात सुकं मटण, रस्सा, वाटीभर आळणी, बाजरीची भाकरी आणि शेवटी इंद्रायणी भात. आळणी म्हणजे मसाला घालण्याआधी काढलेलं, हळद-मीठ-आल्यावर शिजलेलं पाणी. मटण ताजं नसेल तर आळणी लगेच सांगते, कारण तिच्यात लपवायला मसाला नसतो. म्हणून आधी ती प्यावी. रस्सा कांदा-खोबरं भाजून काळ्या मसाल्याचा होता. तांबडा-पांढरा मागू नये, तो कोल्हापूरचा. इथल्या मराठा खानावळीत त्याची अपेक्षा धरणं म्हणजे शेजारच्या घरी जाऊन आपल्या आईच्या हातचं मागणं.

‘चुलीवरचं’ या पाटीबद्दल दादाचं मत स्पष्ट आहे: पाटी बघू नका, भिंत बघा. चुलीवर शिजवतात तिथली भिंत वरपर्यंत काळी असते.

वार लक्षात ठेवावेत. बुधवार, शुक्रवार, रविवार इथे ताजं कापलेलं मिळतं. सोमवार, गुरुवार, शनिवारी कित्येक खानावळी बंद किंवा फक्त अंड्यावर.

23 जुलै, बुधवार

नाना पेठेतल्या त्या बाईंकडे आज सगळे मिळून गेलो. जेवण झाल्यावर कागदाचं सांगितलं आणि नाव घालू का असं विचारलं. मावशी हात पुसत म्हणाल्या, ‘नाव नका घालू. माझी चाळीस माणसं ठरलेली. नवीन वीस आली तर ठरलेल्यातली वीस उपाशी जातील. त्यांची सुट्टी अर्ध्या तासाची असती.’

यावर आम्ही बराच वेळ बाहेर उभं राहून बोललो. दादाची मुलगी म्हणाली की नाव घातलं तर मावशींचा धंदा वाढेल. मला तसं वाटत नाही. भाकरी एका हाताने थापली जाते. हात वाढवायचा तर माणूस ठेवावा लागतो, माणूस ठेवला की भाव वाढतो, भाव वाढला की हमाल आणि रिक्षावाले जातात. मग जी गोष्ट शोधत आपण आलो तीच उरत नाही. पर्यटकांपासून लांबची जागा शोधणारे आपण स्वतः तिथे पोचलेले पहिले पर्यटक असतो. याची जबाबदारी घ्यायला हवी.

ठरलं ते असं. ज्या जागा मोठ्या आहेत, संस्थेच्या आहेत किंवा आधीच सर्वांना ठाऊक आहेत त्यांची नावं घालायची. बाकीच्यांची मालकाने स्वतः होकार दिला तरच. उरलेल्यांसाठी नकाशावर गल्लीचा पट्टा रंगवायचा, वेळ लिहायची, आणि तिथे कुणाला काय विचारायचं ते लिहायचं. शोधणाऱ्याला दोन माणसांशी बोलावं लागेल. ते त्याच्या फायद्याचंच आहे.

28 जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. मटणाचे पट्टे महिनाभर झाकून ठेवायचे की नाही यावर चर्चा. ‘श्रावणात बंद असू शकतं’ एवढी ओळ घातली.

सकाळी पिंपरी कॅम्पात दाल-पकवान खाल्लं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती इथे झाली, त्यांचा हा सकाळचा नाश्ता: कुरकुरीत पकवान, चण्याची डाळ, वर चिंचेची चटणी आणि कांदा. पुणे शहरातली माणसं यासाठी पिंपरीपर्यंत क्वचितच जातात, याचं मला वाईट वाटतं. पिंपरी-चिंचवडला खरं तर वेगळा कागद हवा. तिथे खानदेशातून कारखान्यांत आलेल्यांची वरण-बट्टी आहे, शेवभाजी आहे, हिवाळ्यात भरीत पार्ट्या आहेत. या वेळी एवढंच.

12 ऑगस्ट, मंगळवार

कागद छापून आला. नकाशावर पट्टे दिसतात, नावं थोडीच. मागे चार सूचना जाड अक्षरांत: ‘तुम्ही कुठे जेवता?’ असं विचारा. जेवणाऱ्यांच्या वेळेच्या अर्धा तास आधी किंवा नंतर जा. सुटे पैसे ठेवा. पानात टाकू नका.

पावसाळ्यासाठी ताईंनी एक ओळ वाढवली: पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि कच्च्या चटणीपेक्षा उकळती आमटी घ्या.

24 ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. मुलं गावाला जायला लागली, मेसमध्ये खाडे सांगणं चालू आहे. शास्त्री रस्त्यावरच्या दोन अभ्यासिकांत कागद ठेवले होते, त्यातल्या एकीतून लातूरचा एक मुलगा शोधत आला. आमच्या नकाशावर दत्तवाडीकडे काहीच नाही, हे त्याने दाखवलं. तो तिथे एका काकूंकडे जेवतो. आज त्याच्याबरोबर जाऊन आलो. काकूंनी नाव घालायला होकार दिला नाही, पट्टा रंगवायला दिला.

पुढच्या छपाईसाठी: दत्तवाडी, कालव्याच्या बाजूची गल्ली. दुपारी साडेबारा ते अडीच, सोमवारी बंद. पोळी वाढतात, ज्वारीची भाकरी हवी असेल तर सकाळी दहाच्या आत सांगावं लागतं. शुक्रवारी शेंगोळे.